जुन्या संगणकांतील वेगळी चूल

सुशिक्षित कुटुंबांतून एक तक्रार हल्लीं वारंवार आमच्या कानांवर येते. घराण्याचा कुलवृत्तांत, आजोबांनीं उतारवयांत सांगितलेल्या आठवणी, एखाद्या शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, असें कांहीं तरी वीस-बावीस वर्षांपूर्वीं कोणी तरी रात्री जागून संगणकावर मराठींत उतरवून ठेवलेलें असतें. आज ती फाईल नव्या संगणकावर उघडावी, तों पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस आणि उद्गारचिन्हें यांची खिचडी उमटते. देवनागरीचा त्यांत मागमूसही नसतो. वडील मंडळी "फाईल खराब झाली" म्हणून हळहळतात, आणि मुलें "जुन्याचें हें असेंच व्हावयाचें" म्हणून हात झटकतात.

वस्तुतः मजकूर जसाच्या तसा आहे. हरवली आहे ती त्याची किल्ली. त्या काळांतील मराठी फाँट रोमन अक्षरांच्या आसनांवर देवनागरीचे अवयव बसवीत असत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचें 'श्रीलिपि' असो वा पुण्याच्याच सी-डॅकचें 'आय.एस.एम.' असो, प्रत्येकाची बैठकव्यवस्था निराळी. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत, १९९१ मध्येंच, देवनागरीस स्वतःचीं आसनें मिळालीं होतीं हें खरें. परंतु छापखाने आणि घरगुती टंकलेखक यांच्यापर्यंत ती सुधारणा पोंचण्यास बरीच वर्षें लागलीं. तोंवर जें लिहिलें गेलें तें त्या त्या सॉफ्टवेअरच्या ओंजळीनेंच पाणी पितें, आणि त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या बहुधा 'विंडोज एक्सपी'च्या राज्यांत नांदणाऱ्या. ही एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजीं बाजारांत आली व ८ एप्रिल २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्टनें तिची देखभाल सोडली. आतां तिला आपल्या संगणकावर मुख्य म्हणून नांदविणें शहाणपणाचें नाहीं. पण पाहुणी म्हणून दोन घटका बोलावतां येते. ह्या पाहुणचाराच्या सोयीसच आभासी यंत्र असें म्हणतात.

ह्यावर अनुभवी मनुष्य लगेच म्हणेल कीं, हा उपाय आम्हीं करून पाहिला. घरांत पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर आभासी यंत्र बसविलें, आणि तें इतकें रडतखडत चाललें कीं नाद सोडून दिला. हीच गोष्ट आज आम्हांस विस्तारानें बोलावयाची आहे. आमचें मत असें कीं, ह्या मंदपणांत यंत्राच्या वयाचा दोष थोडा आणि वांटणीचा दोष फार असतो. पाहुण्यास जितकें अधिक द्यावें तितका तो चपळ होईल ह्या समजुतीनें जो तो त्याच्या पानांत वाढीत सुटतो, आणि मग घरचेही उपाशी राहतात व पाहुणाही.

प्रथम हा प्रकार चालतो कसा तें पाहूं. कल्पना नवी नाहीं. संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलें, लक्षावधि डॉलर किंमतीचें यंत्र होतें तेव्हां तें अनेकांनीं वांटून वापरावें, व प्रत्येकास मात्र सबंध यंत्र आपलेंच आहे असें वाटावें, अशी योजना आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत आकारास आली. १९७२ मध्यें ती 'व्ही.एम. ३७०' ह्या नांवानें ग्राहकांपुढें आली. पुढें १९७४ मध्यें जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं अशी योजना नीट चालण्यास प्रोसेसरच्या अंगीं कोणते गुण असले पाहिजेत, तें एका निबंधांत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें.

त्यांच्या निबंधाचें सार आपल्याकडील उदाहरणानें चटकन ध्यानांत येईल. पूर्वींचीं संस्थानें आठवावींत. दरबार भरे, फर्मानें सुटत, न्यायनिवाडे होत, आणि नित्याच्या कारभारांत सहसा कोणी हात घालीत नसे. परंतु तह, फौज किंवा सरहद्द ह्यांपैकीं एखादा विषय निघाला, कीं कागद मुकाट्यानें रेसिडेंटाच्या कचेरींत जाई व तेथून मंजुरी येईपर्यंत दरबार खोळंबून राही. आभासी यंत्रांतील अतिथि ऑपरेटिंग सिस्टिम ही असेंच एक संस्थान होय. बेरीज-वजाबाकीच्या साध्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरवर थेट, पूर्ण वेगानें चालतात. पण स्मृतीची व्यवस्था, डिस्क, पडदा अशा मर्मस्थानास हात घालणारी आज्ञा आली कीं प्रोसेसर तेथेंच थबकतो व ती वरच्या व्यवस्थापकाकडे सोंपवितो. ह्या व्यवस्थापकास हायपरव्हायजर म्हणतात. पाहुणा मंद कां झाला ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा हेंच, कीं त्याच्या रेसिडेन्सीकडील खेपा फार झाल्या, किंवा तेथें गेल्यावर त्याला ताटकळत बसावें लागलें.

आपल्या घरीं असतात त्या इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरांत मूळची एक खोड होती. कांहीं नाजूक आज्ञा वर न जातां खालच्या खालींच, चुकीच्या रीतीनें उरकल्या जात. १९९८ मध्यें स्थापन झालेल्या व्ही.एम.वेअर कंपनीनें अशा आज्ञा चालतां चालतां बदलून टाकण्याची युक्ति काढली. आणि पुढें इंटेलनें २००५ मध्यें व ए.एम.डी.नें २००६ मध्यें प्रोसेसरांतच तशी सोय केली. इंटेलच्या सोयीस व्हीटी-एक्स व ए.एम.डी.च्या सोयीस ए.एम.डी.-व्ही म्हणतात. जुना संगणक हातीं घेतला कीं पहिली चौकशी हिचीच करावी. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स ह्या पानावर ती चालू आहे कीं बंद तें लिहिलेलें असतें. अनेक लॅपटॉपांत ही सोय असूनही कारखान्यांतूनच बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होतांना बायोसमध्यें शिरून ती चालू करावी, आणि मग नुसता रीस्टार्ट न करतां यंत्र एकदां पूर्ण बंद करून पुन्हां लावावें, कारण कांहीं यंत्रांत त्याशिवाय बदल लागू होत नाहीं.

येथें एका कासवाची हकीगत सांगण्याजोगी आहे. व्हर्च्युअलबॉक्स हें घरगुती कामास सोयीचें, फुकट मिळणारें सॉफ्टवेअर. विंडोजवर तें चालवीत असतां खालच्या पट्टींत कधीं कधीं एक लहानसें हिरवें कासव दिसूं लागतें. पुष्कळांस ती शोभेची खूण वाटते. तिचा अर्थ असा, कीं विंडोजनें स्वतःचा हायपर-व्ही हा व्यवस्थापक आधींच गादीवर बसविला असून व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखालीं काम करावें लागत आहे. म्हणजे रेसिडेंटाच्या डोक्यावर आणखी एक रेसिडेंट. सशक्त यंत्रावर हें खपून जातें, दुर्बळ यंत्रावर मात्र असह्य होतें. हायपर-व्ही आणि त्याच्या आधारावर चालणारी 'मेमरी इंटिग्रिटी' ही संरक्षणाची सोय बंद केली कीं कासव जातें. मात्र ही सोय यजमानाच्या सुरक्षिततेसाठीं आहे. म्हणून ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर आम्ही ही सूचना करणार नाहीं. अडगळींतला लॅपटॉप ह्याच कामापुरता वेगळा काढलेला असेल तर हरकत नाहीं.

आतां मुख्य विषय, म्हणजे स्मृति अथवा रॅम. उदाहरणादाखल २ जी.बी. रॅमचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, व्हीटी-एक्स असलेला एक लॅपटॉप घेऊं. ह्या पिढीचीं यंत्रें अद्याप पुष्कळ घरांत कपाटावर धूळ खात पडलीं आहेत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असाच लॅपटॉप होता, व त्यांत कुलवृत्तांताचीं चारशेंवर पानें अडकलेलीं. घरांतील उत्साही पुतण्यानें २ जी.बी.पैकीं दीड जी.बी. व दोन्ही प्रोसेसर पाहुण्याच्या हवालीं केले. परिणाम असा झाला कीं, यंत्र सुरू करून काकूंनीं चहा टाकावा, सर्वांचा चहा होऊन कपबशा विसळून व्हाव्यात, तरी एक्सपीची निळी पट्टी आपली सरकतेच आहे! दीड जी.बी.चे पांचशें बारा एम.बी. केले व एक प्रोसेसर काढून घेतला, त्यासरशी तेंच यंत्र मुकाट्यानें कामास लागलें.

ह्यांत जादू कांहीं नाहीं. खुद्द मायक्रोसॉफ्टनें एक्सपीसाठीं किमान ६४ व इष्ट म्हणून १२८ एम.बी. रॅम सांगितलेली होती. मजकूर टंकणें व पानें जुळविणें एवढ्याच कामास ३८४ ते ५१२ एम.बी. म्हणजे चंगळच. उलट यजमानाची रॅम आटली कीं तो आपल्या स्मृतींतील कांहीं भाग डिस्कवर नेऊन टाकूं लागतो. पाहुण्याच्या स्मृतींतलें पान आपण रॅममध्यें आहोंत असें समजत असतें, तें प्रत्यक्षांत डिस्कवर गेलेलें असतें. आणि पाहुणा स्वतःही अधूनमधून आपलीं पानें आपल्या आभासी डिस्कवर टाकीत असतो. म्हणजे एकच धान्य पाहुण्यानें आपल्या डब्यांतून काढून कणगींत ओतावें आणि यजमानानें कणगींतून काढून पुन्हां डब्यांत भरावें, असा उलटसुलट खेळ सुरू होतो, व सारा वेळ त्या ने-आणींत जातो.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणी लक्षांत घेत नाहीं. यजमानाजवळ रिकामी राहिलेली रॅम फुकट जात नसते. डिस्कवरून एकदां वाचलेला भाग तो त्या जागेंत जपून ठेवतो, आणि पाहुण्याची सबंध आभासी डिस्क ही यजमानाच्या दृष्टीनें एक मोठी फाईलच असल्यामुळें तिचे वारंवार लागणारे भाग तेथून तत्काळ मिळतात. व्हर्च्युअलबॉक्समध्यें यजमानाच्या ह्या सांठ्याचा उपयोग करण्याची खूण असते, आय.डी.ई. जातीच्या आभासी डिस्कला ती मुळांतच चालू असते, आणि एक्सपीला तीच जात मानवते. मात्र लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल व वीज अवचित् जाण्याचा संभव असेल तर लिहिलेलें वारंवार सांठवीत जावें, कारण ह्या सोयींत कांहीं लिखाण डिस्कवर पोंचण्यापूर्वीं रॅममध्यें रेंगाळत असतें.

यजमान कोण असावा, हाही ह्याच हिशेबाचा भाग. ६४ बिटी विंडोज १० ला स्वतःलाच किमान २ जी.बी. लागत, आणि तिचीही सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ ला किमान ४ जी.बी. रॅम व शिवाय एक विशिष्ट संरक्षक चिप लागते, तेव्हां अशा लॅपटॉपवर तिचें नांवच काढूं नये. त्यापेक्षां लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी पडद्याची, बसवावी. ती रिकामी असतांना अर्ध्या जी.बी.च्या आसपास जागेंत संसार करते. लिनक्सच्या गाभ्यांत २००७ पासून के.व्ही.एम. नांवाची आभासी यंत्रांची सोय अंगभूतच आहे, पण नवख्यानें व्हर्च्युअलबॉक्सच वापरावें. त्यांतील खिडक्या समजण्यास सोप्या आहेत. आणि पाहुणा घरांत असेपर्यंत ब्राउझर उघडूं नये. रॅम गिळण्यांत त्याच्या तोडीचें दुसरें सॉफ्टवेअर घरगुती संगणकावर क्वचित्च आढळेल.

स्मृतीनंतर डिस्क. जुन्या लॅपटॉपमधील फिरती डिस्क मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारें १८० वा भाग, थांबावें लागतें. त्यांत सुई इकडून तिकडे सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदास साठ-सत्तर वेळांपेक्षां अधिक वाचन होत नाहीं. एकटा यजमान असतां हें निभतें. पाहुणा आला कीं दोघांच्या मागण्या एकाच सुईवर येऊन पडतात आणि ती बिचारी दोन्ही टोकांस धांवत राहते. फिरते भाग नसलेल्या एस.एस.डी. डिस्कला हेंच वाचन करण्यास सेकंदाचा दहा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ पुरतो. तेव्हां जुन्या यंत्रावर एकच खर्च करावयाचा असेल तर तो ह्याच वस्तूवर करावा असें आम्ही निःशंकपणें सांगूं. लॅपटॉपची जोडणी जुन्या पद्धतीची असल्यामुळें नव्या डिस्कचा पूर्ण वेग मिळणार नाहीं हें खरें. पण येथें लाभ धांवण्याच्या वेगाचा नसून थांबणें टळण्याचा आहे, आणि तो पुरेपूर मिळतो.

खर्च नको असेल तर निदान फिरत्या डिस्कचा त्रास कमी करावा. आभासी डिस्क आठ-दहा जी.बी.ची, ठराविक आकाराची करावी. गरजेप्रमाणें वाढणारी डिस्क विखुरत जाते. विंडोज यजमान असेल तर त्याच्या अँटिव्हायरसला ही फाईल तपासूं नकोस अशी सूचना द्यावी, नाहीं तर पाहुण्याच्या प्रत्येक घांसागणिक तो पान पाहूं लागतो. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद. सोय उत्तम, पण अशा नोंदी एकावर एक सांठल्या कीं एक गोष्ट शोधण्यास पांच वह्या चाळाव्या लागतात. काम झालें कीं जुन्या नोंदी काढून टाकाव्यात.

प्रोसेसरविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. दोन गाभ्यांच्या यंत्रांत पाहुण्यास एकच द्यावा. एक्सपी बसविण्यापूर्वींच 'आय.ओ. एपीआयसी' ही खूण काढून ठेवावी, म्हणजे खेपा कांहींशा वांचतात. बसविल्यानंतर मात्र ती हलवूं नये, विंडोज सुरूच होत नाहीं. कोअर टू ड्युओच्या पिढींत पाहुण्याच्या स्मृतीची खतावणी प्रोसेसर स्वतः ठेवीत नसे, ती सोय इंटेलनें २००८ अखेरच्या पिढीपासून दिली. त्यापूर्वींच्या यंत्रांत हायपरव्हायजरला दुहेरी वह्या लिहाव्या लागतात, म्हणून पाहुण्याकडून एकाच वेळीं अनेक सॉफ्टवेअर उघडवूं नयेत. आणि जुन्या लॅपटॉपच्या पंख्यांतील धूळ काढविण्यास विसरूं नये. तापलेला प्रोसेसर जीव वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच उतरवितो, व घरांत सर्वजण दोष देतात तो सॉफ्टवेअरला.

एक्सपी बसल्यावर व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणारें 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' हें पूरक सॉफ्टवेअर पाहुण्याच्या अंगांत घालावें. त्यायोगें पडदा व माऊस ह्यांच्या कामीं खऱ्या उपकरणाची बारीकसारीक नक्कल करण्याऐवजीं पाहुणा व्यवस्थापकाशीं थेट बोलतो आणि खेपांची संख्या एकदम खालीं येते. ह्याशिवाय एक्सपीचा रंगीत थाट काढून जुना साधा पडदा घ्यावा.

इंटरनेटचें काय, असा प्रश्न येईल. आमचा स्पष्ट सल्ला असा कीं, पाहुण्याचें नेटवर्क कार्ड समूळ काढून टाकावें. २०१४ नंतर जिच्या भिंतींचीं भोकें नियमितपणें बुजविलीं गेलेलीं नाहींत अशा एक्सपीला जगाच्या वाऱ्यावर उभी करूं नये, हें तर आहेच. पण जुन्या यंत्रावर ह्यापासून दुहेरी फायदा आहे. जाळें नाहीं, म्हणून आंत अँटिव्हायरस बसविण्याची निकड नाहीं. तो नाहीं, म्हणून रॅम व डिस्क दोन्ही मोकळीं. फाईली बाहेर काढण्यास एक सामाईक फोल्डर पुरतो. मराठी सॉफ्टवेअरला यू.एस.बी. कुलूपकिल्ली लागत असेल तर ती किल्ली पाहुण्याच्या स्वाधीन करण्याची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्यें आहे. एक्सपी व तें सॉफ्टवेअर ह्यांच्या मूळ सीडी आणि परवान्याचे आंकडे मात्र आपल्या घरचे हवेत. तीं वेष्टनें कोणाच्या खणांत आहेत तें वडील माणसांस आजच विचारून ठेवावें.

सर्वच यंत्रांवर हा उपाय चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. अ‍ॅटम एन-२७० प्रोसेसरचे छोटे नेटबुक, कोअर टू ड्युओपैकीं ई-४५०० सारखे स्वस्त प्रकार, ह्यांत व्हीटी-एक्स मुळींच नाहीं. डिसेंबर २०१९ मध्यें निघालेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून ती सोय नसलेल्या यंत्रास दारच बंद आहे. आणि संपूर्ण नकलेवर चालणारा मार्ग अशा दुबळ्या यंत्रावर केवळ मनस्ताप देतो. तेथें आभासीचा हट्ट सोडून, यंत्र जाळ्यापासून तोडून, त्यावर एक्सपीच थेट बसवावी. तीं त्याच काळचीं जुळीं भावंडें. एकमेकांशीं चांगलीं वागतात.

पाहुण्याकडून घ्यावयाचें काम मात्र एकच, आणि तें म्हणजे मजकूर बाहेर काढणें. प्रत्येक फाईलीची प्रथम पी.डी.एफ. प्रत करावी, म्हणजे पानांचें मूळ रूप कायम राहील. मग मजकूर युनिकोडमध्यें पालटून घ्यावा. पालटणारीं साधनें मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबूं नये. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी जशी लिहावी तशी अक्षराच्या आधीं सांठवीत, युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते. ह्या अदलाबदलींत आणि रफारांत, जोडाक्षरांत व आंकड्यांत चुका राहतात, आणि कुलवृत्तांतांत तर नेमकीं आडनांवें, गोत्रें व शक ह्यांचेंच महत्त्व. एकानें छापील प्रत वाचावी, दुसऱ्यानें पडद्यावर पाहावें, अशीं रोज रात्रीं जेवणानंतर दहा पानें झालीं तर चारशें पानांचें काम दीड महिन्याच्या आंत उरकतें. तपासून झालेल्या फाईलीची एक प्रत परगांवीं राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावयास द्यावी.